घराचे दुसरे दार

गावचा लोहार विळा पाजवून देताना तो कसा धरावा हेही सांगत असे. घड्याळजी दुरुस्त केलेले घड्याळ परत करताना त्याला किल्ली किती द्यावी हे बजावल्यावाचून गिऱ्हाइकाला सोडीत नसे. वस्तू दुरुस्त करणाराला ती माणसांच्या हातून कशी बिघडते हे ठाऊक असते. म्हणून त्याचा सल्ला पुस्तकी पंडिताच्या सल्ल्याहून कित्येकदा अधिक उपयोगी पडतो. सांप्रत हा मान तालुक्याच्या बाजारपेठेतील संगणकाच्या दुकानाकडे आला आहे.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनतेसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. त्या वेळी ती मोठ्या शहरांतील मोजक्या कचेऱ्यांपुरती व सधन घरांपुरती होती, आणि तिच्यासाठी टेलिफोनची तार अडकवून ठेवावी लागे. आज ती खिशातील मोबाइलमध्ये येऊन बसली आहे. घराला जणू एक दुसरे दार पडले आहे. पहिल्या दाराला कडी आहे, उंबरठा आहे, ओसरीवर बसलेली आजी आहे. आलेला माणूस कोण, कोणाकडचा, हे विचारल्यावाचून ती कोणाला आत सोडीत नाही. या दुसऱ्या दाराशी मात्र आजीच गोंधळून उभी असते, आणि नातवंडे बिनधास्त आतबाहेर करीत असतात.

या दाराने काय काय घरात येते, ते संगणकाच्या दुकानदाराला रोज दिसते. कोणाचा मोबाइल नको त्या ॲपांनी भरून गेलेला असतो, कोणाचे खाते दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले असते, तर कोणी पैसे गमावल्यावर धावत आलेला असतो. अशा दुकानदाराने एखाद्या रविवारी सकाळी दुकानापुढे सतरंजी अंथरून शेजारपाजारच्या कुटुंबांना एकत्र बसवावे व चार गोष्टी सांगाव्यात, ही कल्पना कोणास किरकोळ वाटेल. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्राला एकत्र बसून ज्ञान ऐकण्याची गोडी आहे. गणपतीच्या मांडवातही कीर्तनाइतकीच गर्दी व्याख्यानाला होत आली आहे. मग संगणकाने त्या मांडवात का येऊ नये?

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. दुकानदार शेवटी व्यापारी. लोकांना भीती घालून तो आपलाच माल खपवील, असे म्हणतात. जो सल्ला पाळण्यासाठी पदरचा पैसा मोडून काही विकत घ्यावे लागते, त्याविषयी श्रोत्यांनी सावध असावेच. पण सुरक्षिततेचे बहुतेक उपाय फुकट आहेत. चार अंकी गुप्त संख्येचेच उदाहरण पाहा. शून्यापासून नऊपर्यंतचे अंक चार घरांत मांडले, तर दहा हजार निरनिराळ्या संख्या होतात. सहा घरे केली की त्याच दहा लक्ष होतात. परंतु पुष्कळ माणसे जन्माचे सालच गुप्त संख्या म्हणून ठेवतात, आणि हयात माणसांच्या जन्माची साले शंभर-सव्वाशेहून फारशी अधिक असत नाहीत. दहा हजार कुलुपांतील शंभर आपणच चोराला दाखवून द्यावीत, तसा हा प्रकार आहे. तो टाळण्यास एक पैही लागत नाही.

दुसरी गोष्ट पैशांच्या देवघेवीची. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे भाजीवाल्या बाईपासून सराफापर्यंत सर्वांचे व्यवहार मोबाइलवर होऊ लागले. त्यात गुप्त पिन टाकावा लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना तो कधीही लागत नाही. एवढे एक वाक्य ज्या आजोबांना पक्के ठाऊक आहे, त्यांना ‘तुमचे बक्षीस जमा करतो, पिन टाका’ असे सांगणारा ठक फसवू शकत नाही. हे वाक्य आजोबांना समजावून देण्यास घरातील बारा वर्षांचे मूल पुरेसे आहे. यंत्र कसे चालते हे मुलाला कळते आणि माणूस कसा वागतो हे आजोबांना. दोघांनी शेजारी बसावे यातच दोघांचा लाभ आहे.

दुरुस्तीच्या निमित्ताने आणखी एक गैरसमज दूर होतो. संगणकातील फाइल पुसली म्हणजे ती नाहीशी झाली, असे लोक धरून चालतात. वास्तविक पुष्कळ वेळा फक्त तिची नोंद काढली जाते. पुस्तकातील अनुक्रमणिकेचे पान फाडले तरी धडे जागच्या जागीच राहतात, तसेच हे असते. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जाणकाराला जुने वाचता येते. म्हणून जुना मोबाइल विकताना किंवा दुरुस्तीस देताना आत काय आहे याचा विचार आधी करावा लागतो.

पण ही सारी माहिती एका बाजूला, आणि घरातील वातावरण दुसऱ्या बाजूला. ठकाचे खरे बळ त्याच्या यंत्रात नसून फसलेल्या माणसाच्या लाजेत असते. खेळाच्या ॲपवर भेटलेला अनोळखी सोबती गोड बोलून मुलाकडून एखादे छायाचित्र मागून घेतो, आणि मग ‘घरी सांगितलेस तर ते सर्वांना दाखवीन’ असे धमकावतो. येथे अपराध धमकी देणाराचा असतो, छायाचित्र देणाऱ्या मुलाचा नव्हे. कायदाही मुलाच्याच बाजूने उभा आहे. तरी मूल गप्प बसते. का? कारण मागे एकदा किरकोळ चुकीसाठी त्याचा मोबाइल हिसकावून घेतला गेलेला असतो. जे मूल ‘आई, माझ्या हातून चूक झाली’ असे म्हणू शकते, त्याच्यावरील संकट निम्मे त्याच क्षणी टळते. ज्या घरात हे वाक्य उच्चारण्याची सोय नाही, तेथे महागातले महाग कुलूपही कामाचे नाही.

मोठी माणसेही या लाजेतून सुटलेली नाहीत. पोलिसांचा वेष घालून व्हिडिओ कॉलवर येणारा भामटा ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कोणाशी बोलू नका’ असे दरडावतो, आणि शिकलेसवरलेले गृहस्थ दार लावून तासन्‌तास त्याच्यापुढे बसून राहतात. अशी अटक कायद्यात मुळी नाहीच. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑक्टोबर २०२४ मधील ‘मन की बात’मध्ये देशाला याविषयी सावध केले होते. ‘कोणाशी बोलू नका’ हे शब्द ऐकताच घरातील माणसांना हाक मारावी, हाच त्यावरील उतारा होय.

मुलांच्या हातून मोबाइल काढून घेतला की प्रश्न मिटला, असे मानणारे पालक थोडे नाहीत. त्यांनी सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात असलेल्या मोहित्यांचे वडगाव या गावाकडे पाहावे. तेथील ग्रामस्थांनी २०२२ साली ठरवले की, सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजला म्हणजे दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवायचे. त्या वेळात मुलांनी अभ्यास करावा व माणसांनी एकमेकांशी बोलावे. वृत्तपत्रांनी भोंग्याचे कौतुक फार केले. त्याहून मोलाची बाब अशी की, हा नियम मुलांपुरता नव्हता. आवडती मालिका आईनेही बंद केली आणि मोबाइल वडिलांनीही खाली ठेवला. ताटावर बसून मोबाइल पाहणाऱ्या बापाने मुलाला त्यावरून रागे भरावे, याला शिस्त म्हणता येत नाही.

ज्या दुकानासमोर अशी बैठक भरेल, तेथील भिंतीवर जाहिरातींच्या गर्दीत दोन क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत. पहिला १९३०: मोबाइलवरून पैशांची फसवणूक झाली तर या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि जितक्या लवकर करावी तितकी ती रक्कम वाटेतच अडविली जाण्याची आशा अधिक. दुसरा १०९८: संकटातील मुलांसाठी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही मदतवाहिनी आज देशभर रात्रंदिवस चालते, आणि तिच्यावर मुलाला स्वतः बोलता येते. दुकानांतील पाट्या बहुधा प्रौढ गिऱ्हाइकाच्या नजरेच्या बेताने वर टांगतात. ही पाटी मात्र हातभर खाली लावावी, म्हणजे वडिलांचा मोबाइल दुरुस्त होईपर्यंत बाकावर पाय हलवीत बसलेल्या मुलाला ती वाचता येईल.