रॉडवर छापलेलं नाव मासा वाचत नाही

टेक्ससमधल्या कुठल्याही मोठ्या फिशिंगच्या दुकानात शिरलात की एक अख्खी भिंत रॉडची दिसते. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक रॉडवर कामाचं नाव छापलंय. हा फ्रॉगचा, हा क्रँकबेटचा, हा ड्रॉपशॉटचा, हा जिगचा, हा स्विमबेटचा. दिसायला सगळे काळे दांडे. आणि त्या भिंतीसमोर हमखास उभा असतो आपलाच कुणी भाऊ. एच-वन-बीवर येऊन दोन वर्षं झालेली, हातात फोन, फोनवर ‘बास फिशिंगला लागणारे सात सेटअप’ छापाचा व्हिडिओ, आणि चेहऱ्यावर तेच भाव जे बारावीनंतर कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरताना होते. सगळ्या ब्रँचची नावं समोर आहेत, एकीचाही अर्थ माहीत नाही, आणि चुकलं तर आयुष्य बरबाद.

त्या भिंतीवरची वर्गवारी दुकानाच्या सोयीची आहे. पाण्यात ती चालत नाही. रॉडरॉडमधले फरक खरे आहेत, पण त्यांना दिलेली नावं तुम्हाला काही शिकवत नाहीत. ती तुम्हाला फक्त पुढचा रॉड विकतात.

आधी मासा कुठला ते सांगतो, कारण नावाचा घोळ तिथूनच सुरू होतो. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो सनफिशच्या कुळातला आहे. आपल्याकडच्या जिताड्याला, गोव्यातल्या चोणकाला, हॉटेलच्या मेनूत ‘सी बास’ म्हणतात, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. लार्जमाउथ झाडाच्या बुडालेल्या फांद्यांत, शेवाळाखाली, धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसतो आणि तोंडाजवळून काही गेलं की झडप घालतो. तो कधी तळाला असतो, कधी पृष्ठभागावर, कधी गवतात, कधी उघड्या खडकावर. म्हणून त्याला पकडायच्या पद्धती अनेक. आणि पद्धती अनेक म्हणून रॉड अनेक, असं गणित आपल्या गळी उतरवलं जातं. हे गणित उलट्या टोकाने मांडलेलं आहे.

सुरुवात हुकपासून करा. माशाला लागणारी वस्तू तीच एक. बाकी सगळी साखळी, लाइन, रॉड, रील, ही त्या हुकला योग्य जोर पोचवण्यासाठी आहे. मी शिकलो मेकॅनिकल, पोटासाठी लिहितो जावा, त्यामुळे मला हे लोड कुठून कुठे जातो असंच दिसतं.

टेक्सस रिग घ्या. जाड तारेचा एकच मोठा हुक, आणि त्याचं टोक रबरी किड्याच्या अंगात लपवलेलं, म्हणजे फांद्यांत अडकू नये. आता मासा तोंडात घेतो तेव्हा ते टोक आधी रबरातून बाहेर यायला हवं आणि मग जबड्यात शिरायला हवं. त्याला झटका लागतो, कडक आणि लगेच. तुमच्यात आणि माशात पंचवीस मीटर नायलॉनची लाइन आहे असं धरा. ती ताणाखाली दहा टक्के लांबली तर अडीच मीटर झाले. तुम्ही जिवाच्या आकांताने रॉड मागे खेचलात तरी टोक साधारण दोन-अडीच मीटरच मागे येतं. म्हणजे तुमचा सगळा पराक्रम लाइन लांब करण्यात गेला, हुक होता तिथेच. इथे कमी ताणणारी लाइन हवी आणि फक्त शेंड्याकडून वाकणारा, खाली ताठ असलेला रॉड हवा.

आता क्रँकबेट घ्या. प्लास्टिकचा मासोळीसारखा ल्यूर, पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन हुक. काटे बारीक, टोकं उघडी. मासा आदळला की ते आपोआप लागतात, पण वरवरच्या कातडीत. इथे तोच कडक झटका दिलात तर कातडी फाटते आणि मासा जातो. इथे मध्यापर्यंत वाकणारा रॉड चांगला, आणि तीच ताणणारी नायलॉन, जिला टेक्सस रिगसाठी आपण शिव्या घातल्या, ती इथे गुणाची. मासा डोकं झटकतो तेव्हा ती स्प्रिंगसारखी झटका खाते. सगळ्यात स्वस्त लाइन सगळ्यात योग्य, हे तुम्हाला भिंतीवर कुठेही लिहिलेलं सापडणार नाही.

बघा, एकदाही पद्धतीचं नाव पाठ करावं लागलं नाही. हुक जाड की बारीक, टोक झाकलेलं की उघडं, आजूबाजूला अडथळा किती, ल्यूरचं वजन किती. चार प्रश्न. उद्या कुणी बारावी पद्धत काढली तरी हे चार प्रश्न पुरतात.

लाइनबद्दल जास्त बोलतो, कारण सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो आणि सगळ्यात जास्त थापाही तिथेच आहेत. बाजारात तीन प्रकार. नायलॉन, म्हणजे मोनो. फ्लोरोकार्बन. आणि ब्रेड, म्हणजे पॉलिएथिलीनच्या तंतूंची वेणी. फ्लोरोकार्बन विकताना सांगतात की ती पाण्यात अदृश्य होते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५ च्या वर. अकरावीच्या फिजिक्सप्रमाणे कमी दिसते, हे खरं. अदृश्य होते, हे मार्केटिंग. ती ताणत नाही, ही दुसरी थाप. चांगली ताणते. तिचे खरे गुण वेगळे. पाण्यापेक्षा ती पावणेदोन पटींहून जड, त्यामुळे बुडते, आणि खडकावर घासून लवकर झिजत नाही. म्हणून तळाशी चालणाऱ्या ल्यूरला ती उत्तम आणि पृष्ठभागावर नाचणाऱ्या ल्यूरला वाईट, कारण त्याचं नाक खाली ओढते. ब्रेड पाण्यापेक्षा हलकी, तरंगते, जवळजवळ ताणत नाही आणि ताकदीच्या मानाने बारीक असते. तीस पौंडाची ब्रेड साधारण आठ पौंडाच्या नायलॉनइतकी जाड. गवतावरून रबरी बेडूक ओढायचा तर पन्नास ते पासष्ट पौंडाची ब्रेडच लावा. मासा एकटा येत नाही, सोबत दोन-चार किलो गवत घेऊन येतो.

रीलचं पुराण यापेक्षा छोटं आहे. बेटकास्टिंग रील म्हणजे पतंगाची फिरकी. फेकलेला ल्यूर दोरा ओढतो आणि फिरकी फिरते. हवेत ल्यूर मंदावला आणि फिरकी त्याच वेगाने फिरत राहिली की काय होतं, हे संक्रांतीला फिरकी धरलेल्या कुणालाही सांगायला नको. तो गुंता सोडवण्यात अर्धी सकाळ जाते. चुंबकाचे नाहीतर सेंट्रिफ्युगल ब्रेक असतात, पण अंगठ्याला पर्याय नाही. स्पिनिंग रीलमध्ये रीळ फिरत नाही, उभ्या रिळाच्या टोकावरून दोरा सुटावा तशी लाइन सुटते. पाव औंस म्हणजे साधारण सात ग्रॅमच्या खालचा ल्यूर एवढी मोठी फिरकी नीट फिरवू शकत नाही, म्हणून हलक्याला स्पिनिंग, जड्याला बेटकास्टर. गिअर रेशोवर लोक तासन्‌तास वाद घालतात. सातास एकच्या आसपासचं रील घ्या आणि हळू फिरवायचं असेल तेव्हा हात हळू फिरवा. खोल पाण्यातला मोठा क्रँकबेट दिवसभर ओढणाऱ्याने मात्र पाचास एकचं घ्यावं, मनगट वाचेल.

आता दुसऱ्या टोळीकडे वळतो. या सगळ्याला ‘भांडवलशाहीचा चोचला’ म्हणून उडवून लावणारे. त्यांचं आवडतं उदाहरण जॉर्ज पेरी. २ जून १९३२, जॉर्जियातलं माँटगोमेरी लेक, २२ पौंड ४ औंसाचा बास. मंदीचा काळ, शेतकरी पोरगा, दोन मित्रांत मिळून एकच रॉड आणि एकच ल्यूर होता असं सांगतात. आणि त्याच्या विक्रमाशी बरोबरी व्हायला २००९ उजाडलं, तीही जपानच्या बिवा सरोवरात, मानाबू कुरिताकडून. मग कशाला हवं हे सगळं?

ही एका नमुन्याची आकडेवारी झाली. पेरीला लागलेला एक मासा सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षी तसल्याच दोऱ्यांवरून किती सुटले, ते कुणी मोजलं? ‘माझ्या आजोबांनी बांबूने मासे पकडले’ हे वाक्य मला ‘माझे आजोबा विड्या ओढून नव्वद जगले’ याच जातीचं वाटतं.

मग व्यावसायिक स्पर्धकांच्या बोटीवर दहा-पंधरा रॉड का असतात? याचं उत्तर भिंतीवर नाही, घड्याळात आहे. रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्या माणसाने १९६७ मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी बास ही संघटना काढली आणि मासेमारीला वेळेचं बंधन असलेला खेळ बनवलं. ज्याच्याकडे एकच दिवस आहे त्याला ल्यूर बदलताना गाठ सोडून बांधायला लागणारी दोन मिनिटं महाग. म्हणून तो प्रत्येक ल्यूर वेगळ्या रॉडवर आधीच बांधून ठेवतो. ते त्याचे उघडून ठेवलेले टॅब आहेत. तुम्ही रविवारी सकाळी तळ्याकाठी उभे आहात, बोट नाही, मागे कूलर आणि पोह्यांचा डबा. दोन मिनिटं गाठ बांधलीत तर काय बिघडणार आहे?

या उद्योगाची बाजू घेणारे अजून एक हुशार कारण देतात. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यामुळे मासेमारीच्या सामानावर दहा टक्के केंद्रीय अबकारी कर बसतो आणि तो पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी मिळतो. म्हणजे रॉड घ्याल तेवढी तळी जगतील. कायदा चांगलाच आहे, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. फक्त रॉडवरच्या या कराला दहा डॉलरची कमाल मर्यादा आहे, हे सांगायला ते विसरतात. तुमचा पाचशेचा रॉड तळ्याला जेवढं देतो त्याहून जास्त साधे दोन रॉड देतील.

माशाचं खरं नुकसान किमतीने होत नाही, ते चुकीच्या जोडणीने होतं, आणि या वादात मला राग येतो तो इथे. ‘फिनेस’ नावाचा एक अहंकार आहे. सहा पौंडाची लाइन, लवलवता रॉड, आणि समोर बुडालेलं जंगल. मोठा मासा लागला की व्हिडिओ छान होतो, पाच-सात मिनिटं झुंज. लाइन तुटली तर मासा तोंडात हुक घेऊन जातो, आणि फांदीत गुंतून तुटली तर तिथेच बांधलेला राहतो. न तुटता आला तर पुरता थकून येतो. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये पाणी तीस अंशांच्या आसपास असतं, गरम पाण्यात प्राणवायू कमी, आणि असा दमलेला मासा सोडल्यावर पोहत गेला तरी जगतोच असं नाही. डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क आहे. तिथे १६ ते २४ इंचांमधला बास घरी नेता येत नाही, सोडावाच लागतो. सोडायचाच आहे तर जिवंत सोडण्याइतपत जाड लाइन लावणं ही किमान सभ्यता आहे. रे स्कॉटने १९७२ मध्येच ‘पकडलेला मासा मारू नका’ ही मोहीम सुरू केली होती. त्यातला फोटो काढून सोडण्याचा भाग आपण उचलला, लवकर आत आणण्याचा भाग सोयीने गाळला.

तर घ्यायचं काय? पहिला रॉड स्पिनिंगचा, सात फुटी, मीडियम, फास्ट. त्यावर पंधरा पौंडाची ब्रेड आणि पुढे दोन-अडीच मीटर आठ-दहा पौंडाच्या फ्लोरोकार्बनचा लीडर. गावातल्या तळ्यांना, उघड्या काठाला हा एकच पुरतो. नवख्याला बेटकास्टर घ्यायला लावणाऱ्यांनी त्याच्या शेजारी बसून गुंता सोडवावा. वर्षभरानंतरही नाद टिकला तर दुसरा, बेटकास्टिंगचा, सात फुटी मीडियम हेवी, पंधरा पौंडाच्या फ्लोरोकार्बनवर. टेक्सस रिग, जिग, स्पिनरबेट सगळं यावर होतं, आणि क्रँकबेटसुद्धा, झटका न देता नुसतं फिरवत राहिलात तर. तिसरा हेवी, पन्नास पौंडाच्या ब्रेडचा, पण तुमच्या पाण्यात दाट गवत असेल तरच. गवत नसेल तर तो कोपऱ्यात धूळ खाईल.

कोकणातल्या खाडीत जिताड्यामागे ल्यूर घेऊन फिरणारे आता बरेच आहेत. त्यांनी हा हिशोब तसाच्या तसा वापरावा, फक्त जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, तेव्हा लीडर दुप्पट-तिप्पट जाड. तिथेही आता भिंती उभ्या राहतायत, ‘क्रीक स्पेशल’ वगैरे.

आणि पैसे उरतील, ते आधी हुकवर घाला. बोथट हुक पाचशेच्या रॉडनेही शिरत नाही. टोक नखावरून हलकं ओढून पाहा, घसरलं तर बदला, रुतलं तर ठेवा. गाठ आवळायच्या आधी थुंकी लावा, फ्लोरोकार्बन कोरडी आवळली की घर्षणाने तापून तिथेच कमजोर होते. दर दोन-तीन माशांनंतर शेवटची हातभर लाइन बोटांत धरून पाहा, खरखरीत लागली तर कापा आणि गाठ पुन्हा बांधा. मग लेक फोर्कला जाण्यायेण्याच्या पेट्रोलला उरतील तेवढे ठेवा.