मावशींनी भेळ खाताना फोटो काढला, तर चळवळीचं काय बिघडतं?

अशोक विजयादशमी झाली किंवा ६ डिसेंबर उलटला की आपल्याच ग्रुपवर एक ठरावीक पोस्ट फिरायला लागते. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, सूर तोच असतो. ‘समाज दीक्षाभूमीवर सहलीला येतो.’ ‘सेल्फीवाल्यांनी चळवळ बुडवली.’ ‘स्टेटस ठेवून क्रांती होत नसते.’ लिहिणारे परके नसतात. आपलेच, शिकलेले, बहुतेक शहरात स्थिरावलेले, पंचविशी-तिशीतले कार्यकर्ते असतात. त्यांच्या तळमळीबद्दल आम्हाला शंका नाही. पण ही पोस्ट वाचून स्वतःचे फोटो पुसून टाकणारी माणसं आम्ही पाहिली आहेत, म्हणून तिला उत्तर देणं भाग आहे.

परभणी जिल्ह्यातल्या ज्या गावात आमचं बचत गटांचं काम चालतं, तिथल्या एक मावशी साठीच्या घरात आहेत. जन्म गेला रोजंदारीत. कापूस वेचणी, खुरपणी, मधली काही वर्षं ऊसतोड. नातवाचा जुना फोन त्यांच्याकडे आला आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात फोटो साठले. औरंगाबाद लेणीच्या पायऱ्यांवर बसलेल्या पाच बाया. विद्यापीठाच्या गेटसमोर पांढऱ्या साडीत एकट्या मावशी. जायकवाडीचं पाणी, नुसतं पाणी, क्षितिजापर्यंत. एसटीच्या खिडकीतून काढलेला एक फोटो, ज्यात अर्धं आभाळ आणि अर्धं मावशींचं बोट. दीक्षाभूमीच्या स्तूपासमोर हात जोडून उभ्या असलेल्या मावशी. आणि त्याच दिवशीचा, रस्त्याच्या कडेला भेळ खातानाचा, तोंड भरलेलं असताना हसतानाचा फोटो.

हा शेवटचा फोटो त्यांनी स्टेटसला ठेवला. शहरात असणाऱ्या एका ओळखीच्या कार्यकर्त्याने खाली लिहिलं, ‘मावशी, बाबासाहेबांनी धम्म भेळ खायला दिला नव्हता.’ मावशींनी नातवाला सांगून फोटो काढून टाकला. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘म्या आधी बाबासायबाला नमस्कार केला, पुस्तक घेतलं, मंग भेळ खाल्ली. त्यात काय वाईट झालं, लेकरा?’

या प्रश्नाचं उत्तर त्या कार्यकर्त्याकडे नसेल, पण बाबासाहेबांच्या लिखाणात आहे.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे, निदान त्याचं नाव तरी आपल्या भाषणांत असतं. त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा. बाबासाहेब तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार, मुलं साताऱ्याला. सुट्टीत वडिलांकडे जायचं ठरलं. मसूर स्टेशनवर पुढे काय झालं ते आपण व्यासपीठावरून सांगतो. जात कळताच बदललेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडं घेऊन मुलांनाच बैल हाकायला लावणारा गाडीवान, रात्रभर न मिळालेलं पाणी. पण त्याआधीचा भाग आपण गाळतो. या प्रवासासाठी घरात केवढी तयारी झाली होती ते त्यांनी सविस्तर लिहिलं आहे. नवे सदरे, झगमगीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. थोरल्या भावाने खर्चायला दोन-दोन आणे दिले आणि या पोरांनी स्टेशनवर पहिलं काम केलं ते म्हणजे एकेक लेमनेडची बाटली मागवली. चाळीसेक वर्षांचं होईपर्यंत घटना, संस्था, सत्याग्रह, गोलमेज परिषद हे सगळं पाहिलेल्या माणसाला ती बाटली लक्षात राहिली, आणि लिहावीशी वाटली. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. तो आनंद आधी कळला नाही, तर मसूरला काय हिरावलं गेलं ते कळतच नाही. नव्या कपड्यांतली, लेमनेड प्यायलेली मुलं माणूस म्हणून घरातून निघाली होती. स्टेशनवर त्यांना महार करण्यात आलं.

त्याच लिखाणातला दुसरा प्रसंग १९३४ सालचा, दौलताबादचा. हाही आपण पाण्याच्या हौदापासून सुरू करतो. मुळात ते लोक तिथे कशाला गेले होते? फिरायला. चळवळीतल्या सहकाऱ्यांनीच स्थळं पाहायला जाऊ या म्हटलं, बाबासाहेबांनी होकार दिला, वेरूळची लेणी पाहायचीच असं ठरलं आणि तीसेक जणांचा जथा निघाला. वाटेत किल्ला होता म्हणून पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेले चेहरे हौदाच्या पाण्याने धुतले, आणि हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला. शेवटी आत जायला मिळालं, पण पाण्याला कुठेही हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई. मोर्चा नव्हता, परिषद नव्हती, सत्याग्रहही नव्हता. सहल होती. मग ‘समाज सहलीला येतो’ हे वाक्य शिवी म्हणून वापरणाऱ्यांनी सांगावं, १९३४च्या त्या तीस जणांना ते काय म्हणणार?

बाबासाहेबांना जे अंगावर आलं, ते पुढे कायद्याच्या भाषेत बसलं. संविधानाचं कलम १५(२) काढून वाचा. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याबरोबर त्यात सार्वजनिक करमणुकीची ठिकाणंही आहेत. करमणूक हा शब्द मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आहे, मित्रांनो. अट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात तर अजून बारीक गोष्टी आहेत. अनुसूचित जातीच्या माणसाला सार्वजनिक जागी सायकल किंवा मोटारसायकल चालवू न देणं, पायात चप्पल घालू न देणं, नवे कपडे घालू न देणं, वरातीत घोड्यावर बसू न देणं हे गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. संसदेला ‘नवे कपडे’ असं लिहावं लागतं, तो देश कसा असेल याचा विचार करा. आणि अशा देशात एक भूमिहीन बाई नवी पांढरी साडी नेसून, चप्पल घालून, जिल्ह्याबाहेर जाऊन फोटो काढते, तर ते किरकोळ कसं?

जातीयवाद्यांना ते किरकोळ वाटत नाही. २०१५च्या मे महिन्यात शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाला मारून टाकलं गेलं, निमित्त मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. २०१७ला गुजरातेत गांधीनगरजवळच्या एका गावात मिशा ठेवल्या म्हणून दलित तरुणांना मारहाण झाली, त्यावर तिथल्या पोरांनी निषेध कसा केला? मिशांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपला डीपी म्हणून लावून. फोन, फोटो, गाणं, कपडे यांचा अर्थ समोरच्याला नेमका कळतो. आपल्या पोस्टवाल्यांनाच तो कळेनासा झाला आहे. दादरला येणाऱ्या लोकांना ‘फुकटे’ म्हणून हिणवणारे दरवर्षी काय म्हणतात? हे लोक अभिवादनाला नाही, मुंबई बघायला येतात. आपली पोस्ट वेगळं काय म्हणते?

आणि बघितली मुंबई, तर? चैत्यभूमीवर रांगेत तास न् तास उभं राहून, शिवाजी पार्कवर रात्र काढून माणूस गेटवेला जातो, समुद्र पाहतो, तिथल्या फोटोवाल्याकडून एक प्रिंट काढून घेतो. गावाकडच्या कितीतरी घरांत तो फोटो बाबासाहेब आणि बुद्धाच्या फोटोखाली लावलेला असतो. त्यातली माणसं बघा कशी उभी असतात: ताठ, समोर बघत, हात सरळ, बहुधा न हसता. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली खेड्यातल्या लोकांच्या फोटोंवर लिहिताना याच उभं राहण्याकडे लक्ष वेधलं होतं. समोरून, नीट उभं राहून फोटो काढून घेणारा माणूस पाहणाऱ्याकडून आदर मागत असतो, असा त्याचा रोख होता. तो फ्रान्समधल्या शेतकऱ्यांबद्दल बोलत होता. आपल्याकडे त्या ताठ मानेला जातीचा इतिहास आहे, एवढं त्यात घालायचं.

आपल्या माणसांचे फोटो आजवर कोणी आणि कधी काढले, हेही पाहा. २००६ला खैरलांजीचे फोटो आमच्या पिढीने पाहिले, ते डोळ्यांपुढून जात नाहीत. ते फोटो फिरले नसते तर प्रकरण दडपलं गेलं असतं, त्यामुळे त्यांची गरज आम्ही नाकारत नाही. पण वर्तमानपत्राला, एनजीओच्या अहवालाला आणि आपल्याही बॅनरला आपला माणूस फक्त जखमी किंवा मेलेला हवा असेल, तर त्याचं जगणं नोंदवणार कोण? पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासकाने मराठवाड्यातला बौद्ध समाज शोधायला घेतला, तर त्याला एफआयआरच सापडावेत का?

प्रवास म्हटला की गावकुसाबाहेरच्या माणसाच्या आयुष्यात एकच प्रवास ठरलेला होता. मुकादमाची उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रकमध्ये टाकायचं, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि कारखान्याच्या फडावर पाच-सहा महिने. मावशीही त्या ट्रकमध्ये बसून सांगली-कोल्हापूरपर्यंत गेल्या आहेत. त्या प्रवासाचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही, असता तरी त्यांनी तो स्टेटसला ठेवला नसता. ज्या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला मालक नाही, मुकादम नाही, फेडायची उचल नाही, असा प्रवास त्यांच्या वाट्याला उतारवयात आला. दसऱ्याला नागपूरला जाऊन कोयत्याला निघणारी घरं आजही आहेत. पुढचे सहा महिने ऊस तोडायचा आहे, हे माहीत असलेला माणूस त्या दिवशी भेळ खातो.

आता बाजाराचा मुद्दा. फोन हप्त्यावर, हप्ता मायक्रोफायनान्सच्या कर्जातून, आणि हसणं मोबाइल कंपनीच्या फायद्याचं, असं काही मित्र म्हणतात. कर्जाचं खरं आहे. बचत गटाच्या कामात आम्ही वसुलीवाले दारात बसलेले पाहतो आणि लग्न, फोन, मोटारसायकल यांच्या हप्त्यांवर बायांशी भांडतोसुद्धा. पण ही टीका शहरातल्या मॉलमध्ये फिरणाऱ्या आपल्याच मध्यमवर्गावर कमी आणि गावातल्या बाईवर जास्त होते, हे कसं? थायलंडला जाऊन आलेल्या साहेबांच्या फोटोंखाली ‘नमो बुद्धाय’ आणि मावशींच्या भेळेखाली उपदेश! हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

शिवाय गावात फिरायला कोण जातं, हा वेगळा प्रश्न आहे. गाडी करून पुरुष जातात, बाया लेकरं आणि म्हशी सांभाळतात. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा आमच्या गटातल्या बाया पहिल्यांदा पुरुषांशिवाय लेणी पाहून आल्या. सरकार कोणाचं आणि हेतू मतांचा की कसला, यावर वाद घालू. पण अर्ध्या तिकिटाने कोणाला घराबाहेर काढलं, ते त्या पाच जणींच्या फोटोत दिसतं. एसटीच्या गाड्या कमी झाल्या, गावातली मुक्कामी फेरी बंद पडली, तर सगळ्यात आधी हाच फोटो बंद पडेल. त्यासाठी आगारात निवेदन घेऊन कोण जाणार आहे? सेल्फीवर पोस्ट लिहिणाऱ्यांना आम्ही हे काम सुचवतो.

दुसरं एक काम आम्ही या पावसाळ्यात सुरू करतो आहोत. गटातल्या बायांच्या फोनमधले प्रवासाचे फोटो, त्यांना विचारून, एका ठिकाणी उतरवून घ्यायचे. फोन फुटला की आठवण गेली, असं बऱ्याच जणींचं झालं आहे. प्रत्येक फोटोमागे लिहायचं: कोण, कुठे, कोणत्या साली, सोबत कोण होतं, तिकीट किती पडलं, त्या दिवशीची मजुरी किती बुडाली, काय खाल्लं. ज्या बाईला नको असेल तिचा फोटो घ्यायचा नाही, आणि घेतलेला कोणत्याही बॅनरवर लावायचा नाही. तुमच्या गावात, वस्तीत कोणी हे करणार असेल तर जरूर करा. वहीचे रकाने आम्ही आखून ठेवले आहेत, ते पाठवू.