चौकशी कोणासाठी?

वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात 31 मे 2016 रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि 19 जणांचा बळी गेला. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते. बहुसंख्य मात्र भांडाराच्या अग्निशमन दलाचे कर्मचारी होते. लष्कराने रीतीप्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमले. पुढे 20 नोव्हेंबर 2018 रोजी निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या कामी याच भांडाराच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण दगावले. यावेळचे बहुतेक मृत कंत्राटदाराने आणलेले रोजंदार होते.

कोर्ट म्हटले तरी हे न्यायालय नव्हे. 1954 च्या लष्करी नियमांनुसार ते पुरावा गोळा करणारे मंडळ होय. ज्या सैनिकाच्या चारित्र्यास वा लष्करी लौकिकास बाध येण्याचा संभव असेल त्यास तेथे हजर राहण्याचा व साक्षीदारांस प्रश्न विचारण्याचा हक्क नियम 180 देतो. ही तरतूद न्याय्यच आहे. पण रोजंदाराला लष्करी लौकिक कोठला? त्याच्या विधवेला या नियमाने तेथे स्थान नाही, आणि अहवाल तिच्या हाती देण्याचे बंधनही कोणावर नाही. उलट, 1952 च्या चौकशी आयोग कायद्याखालील अहवाल सहा महिन्यांत कार्यवाहीच्या टिपणासह विधिमंडळापुढे वा संसदेपुढे ठेवावा लागतो. (तोही मुदतीत येतोच असे नाही, हा भाग निराळा.)

संरक्षणाची गुपिते राखलीच पाहिजेत. साठा किती, कोठे, हे कोणी विचारणार नाही. परंतु पेट्या उतरविणाऱ्यांना शिक्षण दिले होते काय, देखरेख कोणाची होती, मजुरांचा विमा होता काय, यांत राष्ट्ररहस्य ते कोणते?

जोखमीचे मोल मजुरीत उतरते, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. मात्र त्यासाठी जोखीम मजुराला ठाऊक असावी लागते. हिंगणघाट तालुक्यातील वडनेरच्या भूमिहीनाला कापूस वेचणीचा दर नेमका कळतो, कारण तो गावातच ठरतो. उद्या कंत्राटदार चार पैसे अधिक देऊन त्याला अशा मैदानावर नेऊ लागला, तर ते चार पैसे कशाचे, हे त्याने कोणाला विचारावे? अहवालातील सुरक्षिततेपुरता भाग तरी मराठीत जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ग्रामपंचायतींकडे यावा, आणि मृतांच्या वारसांना तो मागावा लागू नये.