वेद आधी की त्रिपिटक? वयाच्या वादात हरवलेला खरा प्रश्न

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात दर्जा दिला. पुढे एप्रिल २०२५ मध्ये युनेस्कोने भगवद्गीता आणि नाट्यशास्त्र यांच्या हस्तलिखितांची 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' या नोंदवहीत नोंद केली. या दोन बातम्यांनंतर एक जुना वाद पुन्हा तापला आहे: सर्वांत प्राचीन धर्मग्रंथ कोणाचा?

एका बाजूने सांगितले जाते की वेद लाखो वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते कोणा माणसाने रचलेलेच नाहीत. दुसऱ्या बाजूने आपल्या समाजातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतो: ऋग्वेदाची सर्वांत जुनी पोथी इ. स. १४६४ ची, म्हणजे वेद पंधराव्या शतकात लिहिले गेले. विहारातल्या अभ्यासवर्गाला येणारी मुले हा संदेश दाखवून विचारतात, "हे खरे आहे का? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तर वेगळेच लिहिले आहे." त्यांना सरळ उत्तर मिळायला हवे.

१४६४ हा आकडा खोटा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची नोंद युनेस्कोने २००७ साली केली. त्यांतले सर्वांत जुने १४६४ चे आहे. पण हे वय पोथीचे आहे, मजकुराचे नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची गेल्या वर्षी छापलेली प्रत आपल्या घरात असली, तरी बाबासाहेबांचा तो ग्रंथ १९५७ चाच राहतो.

शिवाय हीच फूटपट्टी त्रिपिटकाला लावली तर काय होईल, याचा विचार तो संदेश पुढे पाठवणारे करत नाहीत. ताडपत्र दमट हवेत टिकत नाही. ते कुजते, कीड लागते, पुन्हा पुन्हा नकलून काढावे लागते. म्हणून पाली त्रिपिटकाच्या आज हाती असलेल्या बहुतेक पोथ्या गेल्या काही शतकांतल्याच आहेत. सर्वांत जुन्या पाली लेखनात गणले जाते ते म्यानमारमधील श्रीक्षेत्र येथे सापडलेले सोन्याच्या पत्र्यांवरचे लेखन. तेही साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले. मग बुद्धवचन बुद्धांनंतर हजार वर्षांनी रचले गेले असे आपण मानणार का? नाही ना? मग तीच मोजपट्टी दुसऱ्यालाही लावता येत नाही.

मजकुराचे वय ठरवण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. भाषेचे रूप पाहतात, ग्रंथात कोणत्या वस्तू, राजे आणि गावे येतात ते पाहतात, आणि दुसऱ्या कोणी त्या ग्रंथाचा उल्लेख केला आहे का ते शोधतात.

या कसोट्यांवर बुद्धवचनाचा पाया भक्कम आहे. राजस्थानातील बैराट येथे सापडलेला आणि आता कोलकात्यात असलेला सम्राट अशोकाचा लेख इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातला. त्यात अशोकाने सात धम्मग्रंथांची नावे दिली आहेत. त्यांपैकी राहुलाला केलेला उपदेश आपल्याला आजच्या मज्झिम निकायात सापडतो. भरहुतच्या स्तूपावरील दानलेखांत 'पेटकी' म्हणजे पिटक जाणणारा आणि 'पंचनेकायिक' म्हणजे पाच निकाय जाणणारा, असे शब्द येतात. आपल्या कार्ले लेण्यातही सोपाऱ्याहून आलेल्या एका भाणकाच्या दानाचा लेख आहे. भाणक म्हणजे धम्मवचने मुखोद्गत करून म्हणणारा. श्रीलंकेच्या इतिवृत्तांनुसार राजा वट्टगामणी अभय याच्या काळात, इ. स. पूर्व पहिल्या शतकात, त्रिपिटक लिहून काढले गेले. त्याआधी ते पिढ्यान्‌पिढ्या या भाणकांच्या मुखातच राहिले. गांधार प्रदेशातल्या भूर्जपत्रांवरचे बौद्ध ग्रंथ १९९४ साली ब्रिटिश लायब्ररीत आले. तेही सुमारे पहिल्या शतकातले आहेत.

आता वेदांकडे पाहू. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकातल्या या लेखात अश्वमेधासारख्या वैदिक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी कोरलेली आहे. तुर्कस्तानात सापडलेल्या, इ. स. पूर्व चौदाव्या शतकातल्या एका तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही देवांची नावे आहेत. ऋग्वेदाची भाषा पाणिनीच्या संस्कृतापेक्षा बरीच जुनी आहे. म्हणून बहुतेक अभ्यासक ऋग्वेदाची रचना इ. स. पूर्व १५०० ते १००० या दरम्यान ठेवतात. लाखो वर्षांपूर्वी नव्हे आणि पंधराव्या शतकातही नव्हे.

सर्वांत मोठी साक्ष तर त्रिपिटकातच आहे. दीघ निकायातील तेविज्ज सुत्तात तथागत तीन वेद जाणणाऱ्या ब्राह्मणांच्या दाव्यांची चिकित्सा करतात. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात वेदपारंगत तरुण ब्राह्मणाशी वर्णश्रेष्ठत्वावर वाद घालतात. वेद त्या काळी नव्हतेच असे म्हटले, तर तथागतांनी हा वाद कोणाशी घातला? वेदप्रामाण्य नाकारणे ही त्यांच्या धम्मक्रांतीची एक बाजू आहे. जे अस्तित्वातच नव्हते ते नाकारण्यात कसली क्रांती? तो संदेश वेदांचे वय कमी करता करता बुद्धांचे बंडच पुसून टाकतो.

याचा अर्थ दुसऱ्या बाजूचे दावे मान्य करावेत असा नाही. पुराणांच्या वंशावळींत मौर्य येतात, काहींत गुप्तही येतात. तेव्हा पुराणांचे आजचे रूप गुप्तकाळाआधीचे असू शकत नाही. बुद्धांना विष्णूचा अवतार ठरवणारा मजकूर बुद्धांनंतरचाच असणार. देशात वाचता आलेले सर्वांत जुने लेख प्राकृतातले आहेत, आणि संस्कृतातला पहिला मोठा शिलालेख म्हणजे इ. स. १५० च्या सुमाराचा रुद्रदामनचा जुनागढ लेख. नाणेघाटात वैदिक यज्ञांची यादी कोरतानाही भाषा वापरली ती प्राकृतच. हे पुरावे ठाम आहेत. त्यांना खोट्या आकड्याची जोड देण्याची काही गरज नाही. उलट एक चुकीचा आकडा पकडला गेला की समोरचा आपले दहा खरे पुरावेही उडवून लावतो, आणि चारचौघांत मान खाली घालावी लागते ती आपल्या पोरांना.

समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले तर वयापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: हे ग्रंथ ऐकण्याचा अधिकार कोणाला होता? वेद आणि बुद्धवचन, दोन्ही आधी मुखपाठानेच टिकले. पण गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे ओतण्याची शिक्षा सांगितली आहे. याउलट बैराटच्या लेखात अशोक म्हणतो की भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका या सर्वांनी हे धम्मग्रंथ वारंवार ऐकावेत आणि त्यांचे मनन करावे. एकीकडे कान बंद करणारा नियम, दुसरीकडे सर्वांना ऐकण्याचे आवाहन. हा फरक कोणत्याही वयापेक्षा मोठा आहे आणि त्याला पुरावा आहे.

ग्रंथ जुना म्हणून खरा, हा तर मुळात वैदिक परंपरेचा युक्तिवाद. कालाम सुत्तात तथागतांनी परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका असे सांगितले. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी हीच कसोटी बुद्धवचनालाही लावली. भाणकांच्या स्मरणावर चाललेल्या परंपरेत तथागतांचे म्हणणे चुकीचे नोंदले जाऊ शकते, हे त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये उघडपणे मांडले आणि जे बुद्धिसंगत नाही ते बुद्धांचे मानू नये असे सुचवले. स्वतःच्या ग्रंथाची अशी चिकित्सा करणाऱ्याच्या अनुयायांना दुसऱ्याच्या ग्रंथाबद्दल ऐकीव गोष्ट पसरवण्याची सूट कशी मिळेल?

पालीला अभिजात दर्जा मिळाल्याने एक दार उघडले आहे. विहाराविहारांत पालीचे वर्ग सुरू व्हावेत. वर्षावासातल्या ग्रंथवाचनाबरोबर मुलांना कार्ले आणि नाणेघाटाचे लेख दाखवावेत, ब्राह्मीची अक्षरे गिरवायला द्यावीत. ज्या मुलीला स्वतः लेख वाचता येतो, तिला मोबाइलवरच्या संदेशाचा आधार लागत नाही.

आणि अशोकाने नाव घेतलेल्या त्या राहुलाच्या उपदेशाचा विषय काय होता, हेही तिला सांगावे. विषय होता खोटे बोलणे, आणि थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये ही शिकवण. कोणताही संदेश पुढे पाठवण्याआधी आपण हा उपदेश आठवला तरी पुरे.