फिल्म उरली, भरवसा उरेल?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने ‘कोडॅकोलर’ या नावाने दोन रंगीत रोल बाजारात आणले. एक १०० स्पीडचा, दुसरा २०० स्पीडचा. बातमी तशी लहानच. परंतु ज्या वस्तूचा मृत्युलेख पंधरा वर्षांपूर्वीच लिहून झाला होता, तिचे नवे खोके दुकानाच्या फळीवर यावे, ही गोष्ट सहज सोडून देण्याजोगी नाही.

आज चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना रोलचे दिवस आठवत असतील. सहलीला निघताना छत्तीस फोटोंचा एक रोल घ्यायचा, त्यातले सात-आठ फोटो परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवायचे, घरी आल्यावर रोल धुवायला टाकायचा आणि आठवडाभर वाट पाहायची. नशीब जोरावर असेल तर सदतिसावा फोटोही निघायचा. नसेल तर झाकण चुकून उघडले गेल्याने अख्खी सहल पांढरी व्हायची. डिजिटल कॅमेऱ्याने आणि पाठोपाठ मोबाइलने हे सारे दहा-बारा वर्षांत पुसून टाकले. मग आजही रोल घालून फोटो काढणारे लोक कोण आहेत? आणि जो माल बाजारात उरला आहे, त्यावर ते समाधानी आहेत काय?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, मालाबद्दल ते बऱ्याच अंशी समाधानी आहेत, भरवशाबद्दल नाहीत. हा फरक समजून घेण्यासाठी गेल्या वीस वर्षांची उलथापालथ थोडी पाहावी लागेल.

पडझड आणि पुनरागमन

फिल्मची जगभरातील विक्री २००० सालच्या सुमारास शिखरावर होती. त्यानंतरचा उतार इतका तीव्र होता की मोठमोठी घराणी त्यात वाहून गेली. इंग्लंडची इल्फर्ड २००४ मध्ये अडचणीत आली. जर्मनीची आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. पोलरॉइडने २००८ मध्ये झटपट फोटोंची फिल्म बनवणे थांबवले. जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली ज्या कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने बनवला, तीच कंपनी त्या शोधाच्या लाटेत बुडावी, हा उद्योगजगतातला दैवदुर्विलास म्हणून आजही सांगितला जातो.

परंतु गोष्ट तिथे संपली नाही. इल्फर्डच्या व्यवस्थापकांनीच २००५ मध्ये कारखाना विकत घेऊन ‘हार्मन टेक्नॉलॉजी’ या नावाने तो चालू ठेवला. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१८ मध्ये परत आणली. जपानच्या फुजीने २०१८ मध्ये बंद केलेली अॅक्रॉस ही कृष्णधवल फिल्म पुढच्याच वर्षी नव्या रूपात आली. हार्मनने २०२३ मध्ये ‘फिनिक्स’ ही आपली पहिली रंगीत फिल्म काढली. पेंटॅक्सने तर २०२४ मध्ये रोलचा नवाकोरा कॅमेराच बाजारात आणला. ही मागणी प्रामुख्याने तरुणांकडून आली. ज्यांनी लहानपणी रोल पाहिलाही नव्हता, त्यांना छत्तीसच संधी असण्यात आणि लगेच निकाल न दिसण्यात गोडी वाटू लागली.

कोण समाधानी, कोण नाराज?

फिल्म वापरणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात आणि तिघांची मनःस्थिती वेगवेगळी आहे.

सर्वांत सुखी आहेत ते कृष्णधवलवाले. कोडॅकची ट्राय-एक्स ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये १९५४ पासून मिळते आहे. अधूनमधून सुधारणा झाल्या, पण नाव आणि स्वभाव कायम राहिला. इल्फर्डची एचपी-फाइव्ह प्लस १९८९ पासून बाजारात आहे. हात थोडा आखडता असेल तर झेक प्रजासत्ताकातील फोमा कंपनीचे रोल आहेत. शिवाय कृष्णधवल रोल घरच्या न्हाणीघरात धुता येतो. रोल काळोखात टाकीत भरला की डेव्हलपर, मग थांबवणारे आम्ल, शेवटी फिक्सर आणि भरपूर पाणी. कोणा लॅबच्या दारात जावे लागत नाही. या मंडळींना विचारले तर पूर्वीची अमुक फिल्म नाही म्हणून हळहळ व्यक्त करतील, पण काम अडलेले नसते.

रंगीत निगेटिव्ह वापरणारे समाधानी आहेत, मात्र खिशाकडे पाहून. माणसांच्या त्वचेचा रंग सांभाळणारी कोडॅकची पोर्ट्रा, झगझगीत रंगांची एक्टार आणि घरगुती वापराची गोल्ड अशा फिल्म त्यांना मिळतात. जाणकारांच्या मते आजची पोर्ट्रा गुणवत्तेने नव्वदच्या दशकातील अनेक फिल्मपेक्षा सरस आहे. तिच्यावर उजेड थोडा जास्त पडला तरी ती सांभाळून घेते. परंतु आपल्याकडे अशा एका रोलला हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. धुण्याचा आणि स्कॅन करण्याचा खर्च वेगळा. म्हणजे प्रत्येक वेळी बटण दाबले की चाळीस-पन्नास रुपये गेले, असा हिशेब पडतो. त्यात फुजीने आपली व्यावसायिक रंगीत फिल्म ‘प्रो ४००एच’ २०२१ मध्ये बंद केली, तेव्हा तिच्या हलक्या, हिरवट छटांवर आपली शैली उभी करणारे कित्येक लग्नाचे फोटोग्राफर पोरके झाले.

खरे दुःखी आहेत ते स्लाइडवाले. एकेकाळी मासिकांची मुखपृष्ठे आणि दिनदर्शिका याच पारदर्शक फिल्मवर निघत. आता एक्टाक्रोम आणि फुजीच्या वेल्व्हिया, प्रोव्हिया इतकाच संसार उरला आहे. त्याही महाग, आणि दुकानात आज दिसल्या तर उद्या दिसतील याची शाश्वती नाही.

पीठ आणि हात

यावर एखादा व्यवहारी वाचक म्हणेल, एक फिल्म बंद झाली तर दुसरी घ्यावी. इतके त्यात काय आहे? वर्षानुवर्षे एकाच गिरणीचे पीठ वापरणाऱ्या बाईला विचारा. परक्या पिठाची भाकरी पहिल्या दिवशी मनासारखी थापली जात नाही. पाणी किती लागेल, किती मळावे लागेल हे हातालाच ठाऊक असते. फिल्मचेही तसेच आहे. सावलीत ती किती तपशील धरते, संध्याकाळच्या उन्हात तांबूस होते की पिवळसर, किती वेळ धुतली तर दाणा उठून दिसतो, हे छायाचित्रकार शेकडो रोल खर्ची घालून शिकतो. फिल्म बंद होते तेव्हा ही कमाईही मातीमोल होते. म्हणून त्याला फळीवर वीस प्रकारचे रोल नको असतात. त्याला दोनच हवे असतात, पण ते पाच वर्षांनीही मिळायला हवे असतात.

कोडाक्रोमची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. १९३५ साली आलेली ही फिल्म कोडॅकने २००९ मध्ये बंद केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराला देण्यात आला. अफगाण निर्वासित मुलीचे हिरव्या डोळ्यांचे त्याचे जगप्रसिद्ध छायाचित्र कोडाक्रोमवरच टिपलेले होते. त्या शेवटच्या रोलमधल्या छत्तीस फोटोंपैकी काही त्याने भारतात काढले. मुंबईतील चित्रपट कलावंत आणि राजस्थानातील रबारी त्यात आहेत. पण खरा धडा पुढेच आहे. कोडाक्रोम धुण्याची पद्धत इतकी किचकट होती की अखेरीस ती धुणारी जगात एकच लॅब राहिली, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी. २०१० च्या अखेरीस तिने ते काम थांबवले आणि लोकांच्या कपाटात पडून राहिलेले कोडाक्रोमचे रोल एका दिवसात निरुपयोगी झाले. फिल्म एकटी जगत नाही. तिच्यामागे रसायने, यंत्रे आणि ती चालवणारे हात असावे लागतात.

एका चुलाणावरचा भात

आजची चिंता नेमकी इथे आहे. दुकानात नावे अनेक दिसतात, कारखाने मात्र मोजकेच आहेत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फुजीच्या स्वस्त रंगीत रोलवर ‘अमेरिकेत बनवलेला’ असे छापलेले असते, आणि अमेरिकेत रंगीत फिल्म बनवणारा मोठा कारखाना रॉचेस्टर येथे कोडॅकचा आहे. याचा अर्थ वाचकांनी लावावा.

रंगीत फिल्म बनवणे हे सोपे काम नव्हे. पूर्ण अंधारात, धुळीचा कणही येऊ न देता, पातळ प्लास्टिकवर जिलेटीन आणि चांदीच्या क्षारांचे दहा-बारा थर सारख्या जाडीने चढवायचे असतात. त्यासाठीची यंत्रे फिल्मच्या भरभराटीच्या काळात उभारलेली आहेत. हजार पानांच्या पंगतीसाठी बांधलेल्या चुलाणावर चार माणसांचा भात शिजवणे परवडत नाही. ही यंत्रे चालू राहिली त्याचे मोठे श्रेय सिनेमाला जाते. हॉलीवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २०१५ मध्ये कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचे करार केले. क्रिस्टोफर नोलनसारख्या दिग्दर्शकांनी त्यासाठी आग्रह धरला होता. याच नोलनने २०१८ मध्ये मुंबईत येऊन, फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या कार्यक्रमात, फिल्मचे माध्यम टिकले पाहिजे अशी बाजू मांडली होती. स्थिरचित्र काढणारा छायाचित्रकार हा एका अर्थी सिनेमाच्या गाडीत बसलेला वाटसरू आहे.

आणि गाडी किती डगमगते हेही दिसले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोडॅकने आपल्या तिमाही अहवालात कर्जफेडीविषयी शंका नोंदवली. कंपनी बुडणार अशा बातम्या पसरल्या आणि तसे होणार नसल्याचा खुलासा तिला करावा लागला. त्यानंतर दोन महिन्यांनी कोडॅकोलरचे रोल आले. छायाचित्रकारांनी त्यांचे स्वागत केले, ते नव्या मालाच्या हौसेपेक्षा सुटकेच्या निःश्वासानेच अधिक.

आपल्याकडचा रिकामा कारखाना

भारतालाही एकेकाळी स्वतःची फिल्म होती, हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. १९६० साली केंद्र सरकारने उटी येथे ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ ही कंपनी स्थापन केली. ‘इंदू’ या नावाने तिचे कृष्णधवल रोल आणि एक्स-रे फिल्म देशभर जात. नव्वदच्या दशकात ही कंपनी आजारी पडली, कामगारांची संख्या घटत गेली आणि शेवटी कारखान्याला कुलूप लागले. आज आपल्याकडे वापरला जाणारा प्रत्येक रोल बाहेरून येतो. डॉलर चढला की तो महागतो आणि तिकडे तुटवडा झाला की इथे दिसेनासा होतो. इंदूची गुणवत्ता कोडॅकच्या तोडीची होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु एकदा विस्कटलेला असा कारखाना आणि त्यातले कसबी हात पुन्हा जमवता येत नाहीत.

म्हणूनच समाधानाचा प्रश्न मालाच्या यादीवरून सुटत नाही. रोल टिकला तो त्याच्या नावाने हळहळणाऱ्यांमुळे नव्हे; महिन्याला का होईना, एक विकत घेऊन धुवायला देणाऱ्यांमुळे टिकला. ते थांबले तर नावे राहतील, खोकीही राहतील, पण फिल्म राहणार नाही.

प्रत्येकाने कॅमेरा शोधून रोल भरावा, असे अर्थातच नाही. पण घरातल्या माळ्यावर निगेटिव्हची पाकिटे असतील तर ती या पावसाळ्यापूर्वी खाली काढावीत. दमटपणाने त्यांच्यावर बुरशी धरते, म्हणून ती कोरड्या जागी ठेवावीत. एखादी पट्टी खिडकीशी धरून पाहावी. आजोबांचा चेहरा उलटा, काळ्याचा पांढरा झालेला दिसेल; पण दिसेल. तो पाहायला ना यंत्र लागते, ना परवलीचा शब्द.