दोन जावा आणि एक वजनकाटा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी ना कोणी एखाद्या नव्या उपचारपद्धतीचा परिचय करून देतो. यंदा माझ्याकडे लेखाची मागणी आली, तेव्हा लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेविषयी तसेच काही लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु या शस्त्रक्रियेची माहिती आता केवळ डॉक्टरांनाच नव्हे, तर सर्वसामान्य वाचकांनाही बऱ्यापैकी आहे. म्हणून परिचय बाजूला ठेवून, तिच्या संदर्भात माझ्या हातून घडलेली एक चूक आणि त्या चुकीतून बनलेले माझे मत मांडणे अधिक उपयुक्त होईल, असे मी ठरविले. मी शल्यचिकित्सक नाही. इंदूरमध्ये तीसहून अधिक वर्षे फिजिशियन म्हणून व्यवसाय करीत आहे. शस्त्रक्रिया करणारे हात दुसरे असतात; परंतु त्यानंतरची अनेक वर्षे रुग्ण येतो तो आपल्यासारख्यांच्या दवाखान्यात.

काही वर्षांपूर्वी एका एकत्र कुटुंबातील दोन जावांची एकाच महिन्यात स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी झाली. (ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.) वर्ष पूर्ण झाल्यावर दोघी सासूबाईंसह तपासणीसाठी आल्या. धाकटीचे वजन १२४ किलोवरून ८४ वर आले होते, थोरलीचे ९६ वरून ७५ वर. एकीचे ४० किलो उतरले, दुसरीचे २१.

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दोघी एकाच चुलीवरचं जेवतात. मग हिचंच का उतरत नाही? चोरून खात असणार."

थोरली म्हणाली, "नाही हो डॉक्टरसाहेब, खरंच नाही."

त्या क्षणी मी तिच्या बाजूने बोलावयास हवे होते. ते न करता मी म्हणालो, "जिभेवर ताबा हवा, वहिनी. शस्त्रक्रिया पोटाची झाली आहे, मनाची नव्हे." सासूबाई हसल्या, धाकटीही हसली. थोरली मान खाली घालून बसून राहिली.

त्यानंतर ती आली नाही. आली ती अकरा महिन्यांनी, मुलाचा हात धरून. तळपायांना मुंग्या येत होत्या, अंधारात चालताना तोल जात होता, चेहरा पांढराफटक पडला होता. चौकशीअंती कळले, की माझ्या त्या वाक्यानंतर तिने एक वेळचे जेवण सोडले होते. आणि 'ताकदीच्या गोळ्यांनी अंग भरतं' असे कोणीतरी सांगितल्यामुळे बी-१२, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्याही बंद केल्या होत्या. घर पूर्ण शाकाहारी, मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन चालू, त्यात जठराचा मोठा भाग काढलेला. बी-१२ची पातळी किती खाली गेली असेल, हे येथील वाचकांना सांगावयास नको. इंजेक्शनांनी तोल सावरला, रक्तही भरून आले; तळव्यांतील बधिरपणा मात्र थोडा राहिलाच आहे.

आता त्या दिवशी जे गणित मी केले नाही, ते आज करून पाहू. किलोंमध्ये मोजले, तर थोरलीचे वजन धाकटीच्या जवळपास निम्मेच उतरले. परंतु मूळ वजनाच्या प्रमाणात पाहिले, तर धाकटीची घट ३२ टक्के आणि थोरलीची २२ टक्के भरते. उंचीनुसार बॉडी मास इंडेक्स २५ येईल ते वजन गृहीत धरून त्यावरचे जे जादा वजन, त्यापैकी किती गेले असे विचारले, तर धाकटीचे सुमारे ६५ टक्के आणि थोरलीचे ५५ टक्के गेले होते. म्हणजे त्याच दोन स्त्रिया, तोच काटा; पण मोजण्याची रीत बदलली की 'निम्मे' हा निकाल टिकत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की शस्त्रक्रियेपूर्वी थोरली दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घेत होती. ते पहिल्या काही आठवड्यांतच बंद झाले होते आणि वर्षअखेरीस तिची साखर एका गोळीवर आटोक्यात होती. त्या दिवशीच्या माझ्याच कागदावर ही नोंद होती. आम्ही सर्वांनी पाहिला तो केवळ काटा.

दोघींमध्ये फरक का पडला, याची कारणेही अनाकलनीय नाहीत. ज्याचे मूळ वजन अधिक, त्याचे किलो अधिक उतरतात. वय वाढते तशी घट मंदावते. मधुमेही रुग्णांचे वजन, विशेषतः इन्सुलिनवर असलेल्यांचे, इतरांहून कमी उतरते, हे वारंवार दिसून आले आहे. थोरली वयाने दहा वर्षांनी मोठी, मधुमेही आणि मुळात हलकी. तिन्ही गोष्टी तिच्या विरुद्ध होत्या.

शिवाय ही शस्त्रक्रिया म्हणजे केवळ पिशवी लहान करणे नव्हे. जठराचा जो भाग स्लीव्हमध्ये काढला जातो, तेथूनच घ्रेलिन हे भूक चाळविणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते. अन्न लवकर पुढे सरकल्याने आतड्यांतील जी.एल.पी.-१ व पी.वाय.वाय. ही तृप्तीची संप्रेरके वाढतात. या बदलांना प्रत्येकाचा मेंदू, यकृत आणि स्नायू सारखाच प्रतिसाद देत नाहीत. २०११ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण बोलक्या अभ्यासात, गॅस्ट्रिक बायपास झालेल्या सख्ख्या नातेवाइकांच्या जोड्यांची तुलना, रक्ताचे नाते नसलेल्या पण एका घरात राहणाऱ्या जोड्यांशी केली होती. सख्ख्या नातेवाइकांतील घट एकमेकांशी बरीच मिळतीजुळती निघाली. केवळ एका छपराखाली राहणाऱ्यांत तसे साम्य आढळले नाही. आमच्या सासूबाईंच्या 'एकाच चुली'च्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मिळणे कठीण. जावा चुलीने एक असतात, रक्ताने नव्हे.

मोठ्या अभ्यासांचेही सांगणे हेच आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. जठरावर पट्टा बसविलेल्यांत हेच आकडे २० आणि १४ होते. अर्थात शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार फरक पडतो, आणि काही वजन परत येणे हाही सरासरी प्रवासाचाच भाग असतो. तरीही शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी होते, ही त्या अभ्यासाची खरी कमाई. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतील दहा रुग्णालयांच्या अभ्यासात, तीन वर्षांनंतर बायपासची मध्यम घट ३१.५ टक्के व पट्ट्याची १५.९ टक्के आढळली. परंतु मला त्यातील अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट : एकच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचेही वजन उतरण्याचे पाच निरनिराळे मार्ग संशोधकांना ओळखता आले. सरासरी हा त्या पाच वाटांमधून काढलेला एक आकडा आहे. प्रत्येक रुग्णाला त्याच रेषेवर चालवू पाहणे हा आपला हट्ट आहे.

वजन आणि मेद यांच्यातील फरक तर आपल्या पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखविला आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि इंग्लंडचे प्रा. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, अगदी सारखा. पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काटा एकच बोलतो आणि शरीरे वेगळी असतात, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. भारतीय रुग्णांत किती किलो गेले यापेक्षा कोठला मेद गेला आणि स्नायू किती राखले गेले, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा.

येथे काही व्यवसायबंधू आक्षेप घेतील, की अशी समजूत घातली तर रुग्ण सैल पडेल. आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक मंद घट ही निसर्गाचीच मर्जी, असे माझे म्हणणे नाही. स्लीव्हमधून भाकरी उतरणे अवघड, पण आइस्क्रीम, सरबत आणि आपली इंदुरी शिकंजी सहज उतरते. दिवसभर थोडे थोडे चरत राहण्याची सवय, अपुरी झोप, थायरॉइडचा दोष, स्टेरॉइड किंवा काही मानसोपचाराची औषधे, मनाचे दुखणे, क्वचित शस्त्रक्रियेतील उणीव; यांचा शोध घ्यावयासच हवा. परंतु शोध घेणे वेगळे आणि आरोप करणे वेगळे. क्षयाचा रुग्ण औषधाला हळू प्रतिसाद देऊ लागला, तर आपण जंतूची औषध-संवेदनशीलता तपासतो; त्याच्या चारित्र्याविषयी बोलत नाही. लठ्ठपणाच्या रुग्णालाच ती सभ्यता का नाकारावी? आणि ज्याला आपण दोषी ठरवितो तो सुधारत नाही, तो येणे बंद करतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

हा प्रश्न आता शस्त्रक्रियेपुरता राहिलेला नाही. वजनासाठीची सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमुख चाचणीत सरासरी घट सुमारे १५ टक्के होती. पण सुमारे ३२ टक्के रुग्णांचे वजन २० टक्के वा त्याहून अधिक उतरले, तर सुमारे १४ टक्के रुग्णांचे ५ टक्केही उतरले नाही. उद्या आपल्या दवाखान्यांत दोन भाऊ, दोन मैत्रिणी, दोन शेजारी आपापल्या किलोंची तुलना करीत येतील. त्यांना काय उत्तर द्यावयाचे, याची तयारी आजच हवी.

माझ्या सूचना साध्या आहेत. पहिली : शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला आणि कुटुंबीयांना एकत्र बसवून सांगावे, की पहिल्या सहा महिन्यांत वजन वेगाने उतरते, मग वेग मंदावतो, साधारण वर्ष-दीड वर्षात स्थिरावते आणि पुढे थोडे परत येऊ शकते, तसेच शेजारणीचा आकडा हे आपले लक्ष्य नव्हे. दुसरी : नोंदकार्डावर किलोंच्या शेजारी घटीची टक्केवारी, कमरेचा घेर, साखर, रक्तदाब, बंद झालेली औषधे आणि जिना चढताना लागणारा दम यांसाठीही रकाने असावेत. तिसरी : जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यावयाच्या आहेत आणि त्यांनी वजन वाढत नाही, हे प्रत्येक भेटीत उच्चारावे. सतत उलट्या होत असतील तर थायमिन देण्यास उशीर करू नये. चौथी : जो रुग्ण तपासणीला येणे थांबवितो, त्याला आपण होऊन फोन करावा. बहुधा तोच काट्याला घाबरलेला असतो.

आपल्या मंडळाच्या मासिक सभांतून शल्यचिकित्सक, फिजिशियन, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून असे एक मराठी व हिंदी नोंदकार्ड तयार करावे, अशी माझी विनंती आहे. खर्च छपाईचा; लाभ पुष्कळांचा.

आमच्या थोरल्या वहिनी आता नियमाने येतात. वजन ७८ किलोवर स्थिर आहे, इन्सुलिन लागत नाही आणि दुसऱ्या मजल्यावरच्या देवघरात त्या न थांबता चढून जातात. मागच्या भेटीत मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या डॉक्टरसाहेब, पण ते घरच्यांसमोर एकदा सांगाल का?" पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत आणा, असे मी त्यांना सांगितले आहे.