आधी कुठे तुटतंय ते बघा

वाय-फाय अडखळायला लागलं की पहिला हात राउटरच्या स्विचकडे जातो. बंद करा, थोडं थांबा, चालू करा. पुष्कळदा त्यानं काम होतंही. पण बिघाडाच्या सगळ्या खुणा त्यात पुसल्या जातात आणि दोन दिवसांनी तोच बिघाड पुन्हा हजर होतो. लॅपटॉपचं नेट वारंवार तुटत असेल, तर काहीही बंद-चालू करण्याआधी ते नेमकं कुठे तुटतंय हे पाहावं, असं माझं ठाम मत आहे. त्याला पाच-दहा मिनिटं लागतात, खर्च शून्य.

लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा रस्ता हवेतला, तिथून पुढचा फायबरचा. दोन्ही वेगवेगळे तपासायचे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत पिंग लिहून पुढे राउटरचा पत्ता (बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या स्टिकरवर असतो) आणि शेवटी डॅश टी. दुसरीत तसंच, फक्त पत्ता ८.८.८.८, म्हणजे गूगलचा. दर सेकंदाला एक एक ओळ उमटत राहते. राउटरकडून उत्तर यायला एरवी मोजक्या मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. पहिली खिडकी नीट आणि दुसरीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असेल, तर लॅपटॉपला हात लावू नका, नेटवाल्याला फोन करा. दोन्हींत उत्तरं अडत असतील, तर दोष घरातच आहे.

चिंचवडला माझी वहिनी घरूनच अकाउंट्सचं काम करते. दुपार झाली की तिचं नेट तुटायचं. जीएसटीचं रिटर्न भरता भरता पान गोल फिरत राहायचं, मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. मोबाइल मात्र त्याच घरात, त्याच राउटरवर मजेत चालायचा. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी दोष तिच्या माथी मारला होता. ‘तुला वापरता येत नाही’, ‘तू भलतंच काहीतरी दाबतेस’. दुरुस्तीच्या दुकानात मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं आणि दादा नवीन लॅपटॉपच्या किमती बघायला लागला. ‘भाऊजी, मी काहीही बदललेलं नाही हो,’ ती मला म्हणाली, तेव्हा तिच्या बोलण्यात वैतागापेक्षा अपमान जास्त होता.

आम्ही दोन खिडक्या लावून बसलो. दुपारी दोन्हींत एकदमच उत्तरं अडायला लागली. म्हणजे फायबर निर्दोष, गडबड हवेतल्या रस्त्यावर.

पहिला संशय मायक्रोवेव्हवर. त्याच वेळी आई जेवण गरम करतात, आणि हा संशय उगाच नव्हे. वाय-फायचा जुना पट्टा २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा, आणि घरगुती मायक्रोवेव्ह चालतो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे बरोबर त्याच्या मधोमध. त्याच्या दारातून निसटणारी जराशी ऊर्जा माणसाला अपाय करत नाही, पण वाय-फायचा सिग्नल तिच्याहूनही कितीतरी क्षीण असतो. आत पाण्याचा पेला ठेवून ओव्हन चालवला. उत्तरांना उशीर व्हायला लागला, पण ओव्हन थांबताच सगळं जागेवर आलं. वहिनीचं नेट मात्र जेवणं उरकून गेली तरी तुटतच राहायचं. मायक्रोवेव्ह सुटला.

मग वहिनीच म्हणाली, ‘या वेळेला माझा माउसही अडकतो.’ माउस वायरलेस, त्याचा छोटा डोंगल लॅपटॉपच्या डाव्या बाजूला खोचलेला. डोंगलला लागूनच एक्स्टर्नल हार्ड डिस्कची वायर. दुपारी ती सकाळच्या कामाचा बॅकअप घेते आणि डिस्क तशीच जोडलेली ठेवते. डिस्क काढली. खिडकीतले आकडे तिथल्या तिथे खाली आले, ३, ४, ३. परत जोडली, परत उत्तरं गायब. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, फरक तोच.

डिस्क यूएसबी ३.० ची, आणि यूएसबी ३.० मधून माहिती सेकंदाला ५ गिगाबिट वेगानं धावते. एवढ्या वेगानं धावणाऱ्या विजेचा रेडिओ गोंगाट वायरच्या आणि जोडाच्या आसपास पसरतो, आणि त्याचा एक भाग नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेल कंपनीनं २०१२ साली यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. वायरलेस माउससुद्धा बहुतेक याच पट्ट्यात बोलतो, म्हणून दोघंही एकदमच अडखळत होते. मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं. आणि वहिनीचं म्हणणं शब्दशः खरं होतं. आकडे पडद्यावर दिसल्यावर घरातल्या कुणालाच पुढे बोलता आलं नाही, याचं मला लॅपटॉप वाचल्यापेक्षा जास्त समाधान वाटलं.

मोबाइल का चालत होता? तो ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर होता. घरातला राउटर दोन नावं दाखवतो, एकाच्या शेवटी ‘५जी’ लिहिलेलं. (मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही.) लॅपटॉप जुन्या, २.४ च्याच नावाला धरून बसला होता. ते नाव ‘फर्गेट’ करून त्याला ५ वर जोडलं, डिस्कला लांब वायर लावून ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली, आणि काम झालं.

सोसायटीत राहणाऱ्यांनी तर ५ गिगाहर्ट्झचा विचार आधी करावा. आपल्याकडे २.४ चा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, आणि आता प्रत्येक फ्लॅटचा राउटर त्याच अरुंद पट्ट्यात ओरडत असतो. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. राउटरमध्ये ‘ऑटो’ नीट चालत नसेल तर या तिघांतला कमी गर्दीचा निवडावा. मधलाच ३ किंवा ८ निवडला तर दोन्हीकडचा त्रास. २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा भाग खुला झाला, तिथे जागा ऐसपैस आहे. त्याची अडचण भिंतींची. लोखंडी सळ्यांचा कॉलम, आरसा लावलेलं कपाट, कोकणातल्या जुन्या घराची जांभ्याची जाड भिंत मध्ये आली की तो लवकर मान टाकतो. तिथे २.४ च बरा. आणि राउटर टीव्हीमागच्या बंद कपाटात कोंबलेला असेल तर दोन्ही पट्ट्यांचं नुकसान. आधी तो बाहेर काढून उंचावर ठेवा.

बॅटरीवर असतानाच नेट तुटत असेल तर संशय वीजबचतीवर घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय अ‍ॅडॉप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवायला अ‍ॅडॉप्टर बंद करायची परवानगी दिलेली असते. ती खूण काढून टाका. नव्या काही लॅपटॉपमध्ये हे पान दिसत नाही. विंडोजच्या अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्येच त्या अ‍ॅडॉप्टरसाठी ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं.

एक दोष मात्र कुठल्याच सेटिंगनं जात नाही. लॅपटॉपचा अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत बसवलेला असतो. तिथून दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली येतात आणि टिकलीएवढ्या गोल टोप्यांनी वाय-फाय कार्डावर बसतात. वर्षानुवर्षं झाकण उघडमीट करून वायर झिजते, किंवा कुणीतरी लॅपटॉप उघडताना टोपी निसटते. मग राउटरच्या शेजारी बसलं तर नेट चालतं, दुसऱ्या खोलीत गेलं की मरतं. पिंग चालू ठेवून झाकण हळूहळू मागेपुढे करून पाहा. त्याबरोबर उत्तरं तुटत असतील तर दुकानात जा, पण ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगून लॅपटॉप सोपवू नका. राउटरपर्यंतच तुटतं, झाकण हलवलं की तुटतं, असं सांगा आणि वायर व कार्ड आपल्यासमोर तपासून मागा. मदरबोर्डचं बोलणं त्यानंतर.